जुन्या डिस्कांचा ताळेबंद

मृग नक्षत्र जवळ आले की भामरागडात आमच्या घरी एक काम ठरलेले असते. खोलीच्या कोपऱ्यातली लोखंडी पेटी उचलायची आणि माळ्यावर चढवायची. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर आमचे गाव वसले आहे. पाऊस लागून राहिला की पर्लकोटा फुगते, रस्ता बंद होतो, वीज जाते आणि पाठोपाठ मोबाईलची रेंजही जाते. २०१९ च्या पावसाळ्यात तर गाव एकदा नव्हे, अनेकदा पाण्याने वेढले गेले. सप्टेंबरात बाजारपेठेत आणि घरांत पाणी शिरले.

त्या पेटीत दागिने नाहीत. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, वंशावळ, वडिलांचा दाखला, मुलीच्या गुणपत्रिका आणि लग्नाचे फोटो, एवढाच ऐवज. पण हा ऐवज सोन्याहून मोलाचा आहे, हे आपल्या समाजातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईवडिलांना ठाऊक आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर बिगरआदिवासी परंपरागत वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. असा एक कागद भिजून लगदा झाला, तर एका पिढीचे शिक्षण किंवा जमीन अडून बसते.

म्हणून कागदाची प्रत संगणकात ठेवावी, हे आता सर्वांना पटलेले आहे. प्रश्न एवढाच की, ती ठेवावी कुठे? मोबाईल हरवतो. पेन ड्राइव्ह रुसतो. इंटरनेटवरील साठवण सोयीची असली, तरी दरमहा पैसे मागते आणि रेंज नसेल तर उघडत नाही. २०१५ साली आलेले डिजिलॉकर उपयुक्त आहे. पण आजोबांच्या काळच्या हस्तलिखित रजिस्टरचा उतारा त्यात आपोआप येत नाही. या अडचणीतून आमच्या घरी जी व्यवस्था उभी राहिली, तिची हकीकत वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहे. ती उभी राहिली भंगारातल्या हार्ड डिस्कांवर.

एका चुकीची किंमत

प्रथम माझी चूक सांगतो. आमच्या आजोबांनी १९५६ च्या ऑक्टोबरातील चांद्याच्या दीक्षासमारंभाला हजेरी लावली होती. पायी किती चाललो, वाटेत काय खाल्ले, मैदानावर कोण भेटले, हे सारे त्यांनी म्हातारपणी एका कॅसेटवर सांगून ठेवले होते. चाळीस मिनिटांची ती कॅसेट मी संगणकात उतरवून घेतली. फीत खराब झाली होती, ती टाकून दिली. 'आता कायमचे जपले' असे समाधान मानले. तीन वर्षांनी त्या संगणकाची हार्ड डिस्क एका सकाळी टक्-टक् आवाज करू लागली आणि दुपारपर्यंत बंद पडली. दुरुस्तीचा खर्च माझ्या पगाराच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि यशाची हमी कोणी देईना. चुलतभावाच्या मोबाईलवर त्यातली नऊ मिनिटे निघाली. बाकीची एकतीस मिनिटे गेली ती गेली.

दोष डिस्कचा नव्हता. डिस्क हे फिरते यंत्र आहे. ते कधीतरी बंद पडणारच. दोष माझा होता, कारण मी एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवली होती.

या प्रसंगी बाबासाहेबांच्या चरित्रातील एक दु:खद गोष्ट आठवते. १९१७ साली विलायतेहून परतताना त्यांनी आपला ग्रंथसंग्रह वेगळ्या बोटीने रवाना केला होता. पहिले महायुद्ध चालू होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. विम्याची काही रक्कम मिळाली, पण पुस्तके परत आली नाहीत. त्या काळी ग्रंथाची दुसरी प्रत काढून ठेवणे माणसाच्या हाती नव्हते. आज ते आपल्या हाती आहे.

भंगार कुठून आले

हार्ड डिस्क म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय लेप असतो. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरतात आणि वाचणारे टोक चकतीला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारो पटीने कमी अंतरावरून तरंगते. जगातील पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ सालीच आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज आपण भंगारात टाकतो ती ५०० जीबीची डिस्क त्या यंत्राच्या एक लाख पट माल पोटात ठेवते आणि तळहातावर मावते!

अशा डिस्क आता सहज मिळतात. संगणकाचा वेग वाढविण्यासाठी लोक नव्या पद्धतीची एसएसडी बसवितात आणि जुनी डिस्क खणात पडून राहते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये, बंद पडलेल्या सायबर कॅफेत, नातेवाइकांच्या मोडक्या लॅपटॉपमध्ये त्या असतात. मी वर्षभरात नऊ जमविल्या. शेजारचे काका एक दिवस म्हणाले, "बाबू, हे डबडे कायले जमा करून रायला?" घरातूनही विचारणा झाली, "अहो, घर आहे की कबाडीचे दुकान?" दोन्ही प्रश्न रास्त होते. उत्तर द्यायला मला सहा महिने लागले.

एक गोष्ट येथे बजावून सांगतो, कारण मी स्वत: कारकून आहे. कार्यालयातील जुन्या संगणकाची डिस्क कोणीही घरी आणू नये. तिच्यावर जनतेची माहिती असते. तिचे रीतसर निर्लेखन व्हावे लागते, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवी. खाजगी व्यक्तीने स्वखुशीने दिलेली डिस्कही आधी तिच्या मालकासमोर कोरी करावी. नुसते 'डिलीट' केल्याने मजकूर जात नाही; विषयसूचीतले नाव फक्त खोडले जाते. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहिली म्हणजे काम होते.

आधी तपासणी, मग भरती

जुना बैल घेताना आपण दात पाहतो. जुन्या डिस्कचे दात पाहण्याची सोय तिच्यातच आहे. प्रत्येक डिस्क स्वत:च्या तब्येतीची नोंदवही ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. ही वही उघडून दाखविणारे 'क्रिस्टल डिस्क इन्फो' किंवा 'स्मार्टमॉनटूल्स' हे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. वहीत पुष्कळ रकाने असतात. आपण पाच पाहावेत.

पहिला, डिस्क किती तास चालली. वर्षाचे ८७६० तास होतात. सीसीटीव्हीतून आलेली आमची २ टीबीची डिस्क सुमारे २६ हजार तास, म्हणजे तीन वर्षे अखंड फिरलेली निघाली. वय जास्त म्हणून लगेच टाकू नये, पण लक्षात ठेवावे.

दुसरा, 'रिअलोकेटेड सेक्टर'. खराब झालेली जागा सोडून डिस्कने राखीव जागा किती वेळा वापरली, त्याचा हा आकडा. तिसरा 'पेंडिंग' आणि चौथा 'अनकरेक्टेबल', म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा. हे तिन्ही आकडे शून्य असावेत. शून्य नसतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर ती डिस्क कितीही आवडती असली तरी भरती करू नये.

पाचवा, 'सीआरसी एरर'. हा वाढत असेल तर बहुधा डिस्क निर्दोष असते आणि तिची केबल सैल किंवा खराब असते. अल्पशा किमतीच्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

गूगल कंपनीने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक दिसल्यावर पुढील ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असे त्यात आढळले. पण त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखविली. निम्म्याहून अधिक डिस्क या महत्त्वाच्या रकान्यांत कोणतीही नोंद न होताच मेल्या. अर्थात वही कोरी आहे म्हणून डिस्क अमर आहे, असे समजू नये.

वही पाहून झाली की परीक्षा घ्यावी. 'बॅडब्लॉक्स' हा कार्यक्रम डिस्कच्या प्रत्येक जागेवर लिहितो आणि परत वाचून पाहतो, आणि असे चार वेळा करतो. सेकंदाला १०० एमबी वेग धरला, तर १ टीबीच्या एका फेरीला पावणेतीन तास लागतात. चार लेखन आणि चार वाचन मिळून जवळजवळ पूर्ण दिवस जातो. या परीक्षेत डिस्कवरील सर्व मजकूर नष्ट होतो, हे विसरू नये. आमच्या नऊपैकी दोन डिस्क येथे नापास झाल्या. सात उरल्या: २ टीबीची एक, १ टीबीच्या दोन, ५०० जीबीची एक आणि ३२० जीबीच्या तीन.

खतावणीतला धडा

आता मुख्य प्रश्न. जुन्या डिस्कांपैकी एक ना एक मरणारच, हे गृहीत धरले, तर मजकूर कसा वाचवायचा? प्रत्येक वस्तूच्या दोन प्रती ठेवल्या तर निम्मी जागा जाते. यावर जो उपाय आहे तो वाणिज्य शाखेचा कोणताही विद्यार्थी सहज समजू शकेल.

समजा, रोजकीर्दीत चार रकमा आहेत: ३७, ५२, १८ आणि ४३. खाली बेरीज आहे १५०. आता तिसऱ्या ओळीवर शाई सांडली. रक्कम वाचता येत नाही. आपण घाबरतो का? नाही. १५० मधून ३७, ५२ आणि ४३ वजा करतो आणि १८ मिळवितो. बेरजेची एक जादा ओळ चारही रकमांचे रक्षण करते. संगणक याच युक्तीने एका जादा डिस्कवर बाकी डिस्कांची 'बेरीज' लिहितो. त्याची बेरीज सम-विषमाची असते एवढाच फरक. तिला 'पॅरिटी' म्हणतात.

मात्र शाई दोन ओळींवर सांडली, तर एका बेरजेवरून दोन्ही रकमा निघत नाहीत. त्यासाठी वेगळ्या रीतीची दुसरी बेरीज हवी, म्हणजे दुसरी पॅरिटी डिस्क.

ही कल्पना मोठ्या कंपन्यांची मिरास नाही. १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी 'रेड' या नावाने तिची मांडणी प्रसिद्ध केली. त्यांचे म्हणणे असे होते की, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त, सामान्य डिस्क एकत्र आणल्या, तर त्या वेगाने आणि भरवशाने त्या मोठ्या डिस्कची बरोबरी करू शकतील. एकट्या दुबळ्या डिस्कला कोणी विचारत नाही, पण संघटित झाल्या की त्याच डिस्क ओझे पेलतात. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण नेहमीच्या 'रेड'ला सर्व डिस्क एका मापाच्या लागतात. वेगवेगळ्या मापाच्या दिल्या, तर तो सर्वांत लहान डिस्कच्या मापाने सगळ्यांना मोजतो. आमच्या २ टीबी, १ टीबी, १ टीबी आणि ५०० जीबी या चार डिस्क त्यात घातल्या असत्या, तर प्रत्येकीतले ५०० जीबीच मोजले गेले असते, त्यातले ५०० पॅरिटीला जाऊन हाती उरले असते १५०० जीबी. भंगारातल्या डिस्क एका मापाच्या येणार कशा?

म्हणून आम्ही 'स्नॅपरेड' नावाचा विनामूल्य कार्यक्रम घेतला. त्याची अट एकच: पॅरिटीची डिस्क सर्वांत मोठ्या डिस्कइतकी तरी असावी. २ टीबीची डिस्क पॅरिटीला दिली आणि उरलेल्या तिघींचे मिळून अडीच टीबी हाती आले. तेवढ्याच डिस्कांतून १००० जीबी जास्त. उद्या आणखी एक जुनी डिस्क मिळाली, तर ती शेजारी जोडायची. बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. शिवाय यात प्रत्येक डिस्कवरची फाईल अखंड राहते. दुर्दैवाने दोन डिस्क एकदम गेल्या, तरी तिसरीवरचे सर्व सुरक्षित असते आणि ती कोणत्याही लिनक्स संगणकाला लावून वाचता येते.

याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. स्नॅपरेड बेरीज सतत करीत नाही, आपण सांगू तेव्हाच करतो. दुकानदार रात्री गल्ला मिळवतो, तसेच हे. दुपारी आलेली फाईल रात्रीच्या बेरजेपर्यंत उघड्यावर असते. आणि बेरीज झाल्यावर कोणी बऱ्याच फाईली खोडल्या किंवा बदलल्या, तर जुनी बेरीज जुळत नाही आणि दुसऱ्या डिस्कचा मजकूर परत मिळवणेही अवघड होते. जिथे फाईली क्षणोक्षणी बदलतात तिथे ही रीत चालणार नाही. कागदपत्रे, फोटो, ध्वनिमुद्रणे आणि पुस्तके, म्हणजे एकदा ठेवून पुन:पुन्हा पाहायच्या वस्तूंसाठी ती उत्तम आहे.

यंत्राची मांडणी

मागच्या पिढीतला एक साधा टेबलावरचा संगणक घेतला. ४ जीबी रॅम आणि चार साटा जोडण्या पुरेशा होतात. त्यात एका छोट्या एसएसडीवर 'ओपनमीडियाव्हॉल्ट' बसविले. ही विनामूल्य प्रणाली आहे आणि मोबाईलच्या ब्राउझरमधून चालविता येते. 'मर्जरएफएस' हा कार्यक्रम सर्व डिस्कांना एकच मोठे कपाट असल्यासारखे दाखवितो. ही जोडणी बारावीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने केली. बापाने फक्त स्क्रू पिळले. उतरवून घ्यायचे सर्व कार्यक्रम तिने दिवाळीच्या सुटीत गडचिरोलीला नातेवाइकांकडे घेतले, कारण पहिल्यांदा इंटरनेट लागते. नंतर लागत नाही.

भामरागडसारख्या गावात याच गोष्टीला महत्त्व आहे. घरातला वायफाय राउटर आणि हा संगणक इन्व्हर्टरवर चालू असला, की रेंज नसतानाही घरातले सर्व मोबाईल त्यातील पुस्तके, फोटो आणि अभ्यासाचे व्हिडिओ पाहू शकतात. 'किविक्स'च्या साह्याने मराठी विकिपीडियाही त्यात उतरवून ठेवता येतो. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंडही आम्ही त्यात ठेवले आहेत. पुराने रस्ता बंद असतो तेव्हा शेजारची स्पर्धा परीक्षेची मुले ओट्यावर बसून वाचतात. शेजारच्या काकांचा प्रश्न तेव्हापासून बंद झाला आहे.

विजेच्या बाबतीत सावध असावे. मोठ्या मापाची डिस्क फिरताना ५ ते ८ वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर २० ते २५ वॅट ओढते. चारही एकदम सुरू झाल्या की हलका पॉवर सप्लाय दमतो. जुन्या पद्धतीच्या जोडणीवरून साटा काढून देणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त अडॅप्टर टाळावेत. ते आतून तापून जळतात. आमच्याकडे मे महिन्यात ऊन असे असते की पंखाही गरम वारा सोडतो. बहुतेक डिस्कांची चालू असतानाची मर्यादा ६० अंश असते. ५० च्या वर जाऊ देऊ नये. दोन डिस्कांत बोटभर अंतर आणि समोर एक पंखा एवढ्याने भागते.

आता हिशेब. ६ वॅटची डिस्क वर्षभर अहोरात्र चालली तर सुमारे ५२ युनिट वीज खाते. १ टीबीच्या डिस्कसाठी हा खर्च परवडतो. ३२० जीबीच्या तीन डिस्क त्याच जागेसाठी तिप्पट वीज खातात. म्हणून लहान डिस्क यंत्रात घालू नयेत. आमचा संगणक संध्याकाळी चार तासच चालतो. सर्व मिळून ७० वॅट धरले, तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आत भागते. अहोरात्र ठेवला असता तर पन्नास युनिट गेली असती.

बेरीज म्हणजे प्रत नव्हे

मग त्या तीन लहान डिस्कांचे काय? माझ्या मते सर्वांत मोठे काम त्यांनीच केले आहे.

पॅरिटी एका डिस्कच्या मृत्यूपासून वाचविते. घरावर आलेल्या संकटापासून नाही. पूर आला, चोरी झाली, वीज पडली, तर डिस्क आणि बेरीज दोन्ही एकदमच जातात. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि असंख्य फाईली जळाल्या. राज्याच्या मुख्य कचेरीत हे घडू शकते, तर आपल्या कौलारू घराची काय कथा? चुकून खोडलेली फाईल तर पॅरिटी इमानदारीने खोडलेलीच जपते.

जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आमची कागदपत्रे, जुने फोटो आणि ध्वनिमुद्रणे मिळून वीस जीबीसुद्धा भरत नाहीत. ३२० जीबीची डिस्क त्याला भरपूर झाली. तिन्ही डिस्कांवर आम्ही ती उतरविली आणि पासवर्डचे कुलूप लावले. एक घरीच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह, माळ्यावर ठेवली. दुसरी आलापल्लीला बहिणीकडे आणि तिसरी चंद्रपूरला भावाकडे. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवला आहे, कारण कुलूप आहे आणि किल्ली हरवली, तर ते जपणे व्यर्थ.

डिस्कांच्या अदलाबदलीचे दिवसही ठरविले आहेत. पहिला, मृगाच्या आधी, रस्ता चालू असताना. दुसरा, १५-१६ ऑक्टोबर. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या उपस्थितीत दीक्षासमारंभ झाला. त्या स्मृतीसाठी आम्ही दरवर्षी चंद्रपूरला जातोच. जाताना ताजी डिस्क पिशवीत असते, येताना जुनी. त्यासाठी वेगळा प्रवासखर्च पडत नाही.

आणखी एक शिस्त. प्रत काढली म्हणून निश्चिंत होऊ नये. ती उघडून पाहावी. दर अदलाबदलीला मुलगी दहा-वीस फाईली उघडून पाहते आणि वहीत तारीख घालून सही करते. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे मोजून न घेतलेले पैसे.

शेजाऱ्यांनीही आपले कागद ठेवायला सांगितले, तेव्हा आम्ही तीन नियम केले. मालकाच्या संमतीशिवाय काही ठेवायचे नाही. प्रत्येकाचा कप्पा वेगळा. आणि मागताक्षणी खोडून दाखवायचे. दुसऱ्याचा कागद ही अमानत आहे. तसेच मूळ कागद फेकायचा नाही. पडताळणीत मूळ कागदच पाहिला जातो. मात्र मूळ नष्ट झालाच, तर रजिस्टरचा क्रमांक, पान आणि तारीख आपल्याकडील प्रतीवरून मिळते आणि शाळेतून किंवा तहसिलीतून प्रमाणित नक्कल मागणे सोपे जाते. हे नसेल तर अर्ज कोणत्या वर्षाचा करावा, इथूनच अडते.

अखेरची शिल्लक

आमचा ताळेबंद असा: जमा डिस्क नऊ, नापास दोन, यंत्रात चार, डब्यांत तीन. गेल्या हिवाळ्यात यंत्रातली १ टीबीची एक डिस्क मेली. तोच ओळखीचा टक्-टक् आवाज. या वेळी पोटात गोळा आला नाही. दुसरी जुनी डिस्क तपासून बसविली, बेरजेवरून वजाबाकी करण्याचा हुकूम दिला आणि रात्री जेवून झोपलो. सकाळी सर्व फाईली जागच्या जागी होत्या. मेलेली डिस्क हातोड्याने निकामी करून ई-कचऱ्याच्या पिशवीत ठेवली.

विहाराच्या समितीने, महिला मंडळाने किंवा चार घरांनी मिळून असे एक यंत्र उभारणे अवघड नाही. डिस्क लोकांच्या खणांत पडून आहेत, कार्यक्रम फुकट आहेत आणि आपली मुले हुशार आहेत. फक्त एक पथ्य सांभाळावे: कोणत्याही एका डिस्कवर विसंबू नये, मग ती जुनी असो की कोरी करकरीत.

आजोबांच्या आवाजातली ती नऊ मिनिटे आता पाच ठिकाणी आहेत. एक भामरागडच्या संगणकात, एक माळ्यावरच्या डब्यात, एक आलापल्लीला, एक चंद्रपूरला आणि एक चुलतभावाच्या मोबाईलवर, जिथे ती सुरुवातीपासून होती. मैदानावर पोहोचल्यावर कोण भेटले, हे त्यात नाही. ते सांगायला आजोबा सुरुवात करतात आणि ध्वनिमुद्रण संपते.